मातीतले जंतू पेट्रोल खातात, हे खरं आहे का?

नेहमीप्रमाणे, ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना आलेले 'म्हणजे बघा' आणि 'काय ते' बरेचसे गाळलेत, काही राहिले असतील.

या भागाचं निमित्त म्हणजे एका श्रोत्या ताईंचा व्हॉइस मेसेज. त्यांच्या मळ्यातल्या विहिरीला पावसाळ्यानंतर पेट्रोलचा वास येतोय. रस्त्यापलीकडे पेट्रोल पंप आहे. चौकशीला गेल्यावर तिथल्या माणसानं सांगितलं, "वहिनी, काळजी करू नका, मातीतले जंतू असतात ना, ते सगळं खाऊन टाकतात." ताईंचा प्रश्न साधा होता: "दादा, हे खरं की मला वाटेला लावलं?"

मी लगेच उत्तर देणार होतो. पण उत्तर देता देता तीन आठवडे वाचत बसलो, कारण हा माणूस अर्धा खरा आहे. आणि या विषयात अर्धं खरं असणं किती महागात पडतं, त्याचा एक मोठा इतिहास आहे. तोच आज सांगतो.

सुरुवात गोबर गॅसपासून करू, कारण तो आपल्या सगळ्यांना माहीत आहे. टाकीत शेण कालवायचं, वरून बंद करायचं, हवा जाऊ द्यायची नाही; आत जे जंतू हवेशिवाय जगतात ते शेण कुजवतात आणि मिथेन बाहेर पडतो. (जाता जाता: मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ सालीच सांडपाण्याच्या टाकीतला गॅस गोळा करून त्यावर इंजिन चालवलं होतं. त्यावर कधीतरी वेगळा भाग करायचाय.) तर हा मिथेन दलदलीतून, भातखाचरांतून, तळ्यांच्या तळातून सतत वर येत असतो. मग जातो कुठे? सगळाच हवेत का जात नाही?

हा प्रश्न हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावी निकोलास सोंगेन या तरुण माणसाला पडला. त्याचे गुरू बेयरिंक, सूक्ष्मजीवशास्त्रातलं फार मोठं नाव. १९०६ साली सोंगेननं प्रबंध लिहिला आणि त्यात दोन्ही बाजू मांडल्या: हवा नसताना जंतू मिथेन तयार करतात, आणि हवा असताना दुसरे जंतू तोच मिथेन खातात. त्यांना दुसरं अन्न नको, मिथेन आणि ऑक्सिजन द्या, बास. पुढे १९१३ मध्ये पेट्रोल, पॅराफिन असल्या गोष्टी खाणाऱ्या जंतूंवरही त्यानं लिहिलं. म्हणजे ताईंच्या पंपावरच्या माणसाचं वाक्य किमान शंभर वर्षं जुनं आहे.

पण जंतू 'खातो' म्हणजे नेमकं काय करतो, हे कळायला बराच वेळ लागला. पेट्रोलमधल्या वास येणाऱ्या गोष्टी, म्हणजे बेंझिन, टोल्युइन, झायलिन, यांना आपण बाष्पनशील म्हणतो; झाकण उघडलं की उडून जातात. यांच्या रेणूत कार्बनचं एक कडं असतं, आणि ते कडं भलतंच घट्ट. ते फोडायचं कसं? त्या काळातला बलाढ्य मतप्रवाह हाइनरिश वीलांट या जर्मन नोबेलविजेत्याचा. त्याचं म्हणणं असं की सजीव जेव्हा एखादी गोष्ट 'जाळतात', तेव्हा ते तिच्यातला हायड्रोजन काढून घेतात. हवेतला ऑक्सिजन फक्त शेवटी तो हायड्रोजन घ्यायला उभा असतो. अन्नात ऑक्सिजन शिरलाच तर तो पाण्यातून येतो, हवेतून नाही.

१९५५ मध्ये ओसामू हायाइशी या जपानी शास्त्रज्ञानं अमेरिकेत काम करताना हे तपासलं. त्यानं जड ऑक्सिजन घेतला, वस्तुमान १८ असलेला, म्हणजे जणू खूण केलेली नाणी. बेंझिनच्या भाऊबंदांपैकी कॅटेकॉल हे कडं जंतूच्या एन्झाइमला दिलं आणि कडं फुटल्यावर बघितलं, तर खूण केलेला ऑक्सिजन थेट हवेतून आत शिरलेला! त्याच वर्षी अमेरिकेत हॉवर्ड मेसननंही स्वतंत्रपणे दुसऱ्या एका एन्झाइममध्ये तेच दाखवलं. या एन्झाइमांना ऑक्सिजनेज म्हणतात. पुढे डेव्हिड गिब्सननं १९७० च्या सुमारास टोल्युइन खाणाऱ्या जंतूत दाखवलं की तो कड्याला ऑक्सिजनचे दोन्ही अणू एकदम चिकटवतो. एकदा ऑक्सिजन चिकटला की कड्याची घट्टपणाची मस्ती उतरते, पुढे ते फोडता येतं, आणि शेवटी उरतं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी.

थोडक्यात, हवा असेल तर पंपावाला बरोबर. ऑक्सिजन इथे दोन कामं करतो: कडं फोडणारी पहार तोच, आणि शेवटी इलेक्ट्रॉन टाकायची जागाही तोच. आपण श्वास घेतो तो या दुसऱ्या कामासाठी.

अडचण अशी की जमिनीखाली हवा किती असते? थंड पाण्यात फार तर लिटरमागे दहा मिलिग्रॅम ऑक्सिजन मुरतो. पेट्रोल सांडलं की पहिल्याच फळीतले जंतू तो फस्त करतात, आणि खालच्या पाण्यात ऑक्सिजन संपतो. मग सगळं थांबतं का?

१९८० च्या आसपास बहुतेकांचं उत्तर 'हो' होतं. कडं फोडायला ऑक्सिजन लागतोच, ही गोष्ट इतकी छान सिद्ध झाली होती की उलट बाजूकडे कुणी फारसं बघत नव्हतं. खरं तर १९३४ सालीच टार्विन आणि बसवेल यांनी हवेशिवाय बेंझोइक आम्लाचं मिथेन होतं हे छापलं होतं. पण बेंझोइक आम्लात आधीच ऑक्सिजन असतो, तेव्हा पेट्रोलच्या कड्यांचा प्रश्न तसाच राहिला.

आणि मग २० ऑगस्ट १९७९. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात बेमिजी गावाजवळ कच्च्या तेलाची एक पाइपलाइन फुटली. सुमारे १७ लाख लिटर तेल रेताड जमिनीवर आलं. बरंचसं परत भरून घेतलं, पण सुमारे चार लाख लिटर तिथेच राहिलं, मातीत मुरलं आणि भूजलावर तरंगत बसलं. १९८३ पासून अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यानं ती जागा चक्क प्रयोगशाळा म्हणून ठेवली. साफ करायची नाही, फक्त बघायचं. मला हा निर्णय सुरुवातीला फार विचित्र वाटला होता. पण आज आपल्याला जे माहीत आहे त्यातलं कितीतरी त्या न साफ केलेल्या तेलामुळे माहीत आहे.

तिथे तेलाजवळच्या पाण्यात ऑक्सिजन शून्य. आणि तरीही बेंझिन, टोल्युइन कमी होत होतं! पाण्यात विरघळलेलं लोखंड वाढत होतं, मिथेन येत होता. कोडं सुटायला मदत झाली ती डेरेक लव्हली या त्याच खात्यातल्या माणसामुळे. त्याला पोटोमॅक नदीच्या गाळात एक जंतू सापडला होता, जो गंज श्वसतो. होय, गंज. आपण इलेक्ट्रॉन ऑक्सिजनवर टाकतो, हा लोखंडाच्या ऑक्साइडवर टाकतो. १९८९ मध्ये त्यानं दाखवलं की हाच जंतू हवेशिवाय, निव्वळ लोखंडाच्या जोरावर टोल्युइनसारखी कडी संपवतो. पुढे त्याचं नाव जिओबॅक्टर पडलं.

पंगत डोळ्यांसमोर आणा. पहिली पंगत ऑक्सिजनवाल्यांची. ती उठली की नायट्रेटवाले बसतात, मग मँगेनीज आणि लोखंडवाले, मग सल्फेटवाले (विहिरीला सडक्या अंड्याचा वास येतो तो यांच्यामुळे), आणि शेवटी, सगळं संपल्यावर, आपले गोबर गॅसवाले. प्रत्येक पंगतीला आधीच्यापेक्षा कमी ऊर्जा मिळते, म्हणून वेग कमी. पण जेवण चालू राहतं.

पहार नसताना कडं कसं फोडतात, हे १९९६ मध्ये जर्मनीत जोहान हायडर, गेऑर्ग फुक्स आणि मंडळींनी उलगडलं. टोल्युइनच्या शेपटीला जंतू फ्युमरेट नावाचा एक साधा रेणू जोडतो, म्हणजे हातोडा मारण्याऐवजी मूठ बसवतो. मूठ बसली की मग हवं तसं वळवता येतं. बेंझिनला मात्र शेपटीच नाही, त्यामुळे मूठ लावायची कुठे? म्हणून हवेशिवाय बेंझिन सगळ्यात हट्टी. संपतं, पण हळू, आणि प्रत्येक ठिकाणी संपेलच असं नाही. नेमकं तेच रक्ताच्या कर्करोगाशी जोडलेलं आहे.

तरीही १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात गळक्या पेट्रोल टाक्यांच्या शेकडो जागांचा हिशोब मांडला गेला, तेव्हा बहुतेक ठिकाणी बेंझिनचा पट्टा टाकीपासून साधारण २५० फुटांच्या आत थांबलेला दिसला. जंतू आपलं काम करत होते. सरकारी आणि कंपन्यांच्या कार्यालयांतून एक शब्द फिरायला लागला, 'नैसर्गिक क्षीणन'. मराठीत सांगायचं तर 'राहू द्या, आपोआप जाईल'. मोहक शब्द. कारण काहीच करायचं नाही, आणि त्याला विज्ञान म्हणायचं!

गंमत अशी की त्याच काळात पेट्रोलमध्ये एमटीबीई नावाचं एक द्रव्य मिसळत होते, धूर कमी व्हावा म्हणून. ते पाण्यात सहज विरघळतं आणि जंतूंना फारसं आवडत नाही. १९९६ मध्ये सांता मोनिका शहराला त्यापायी पिण्याच्या विहिरी बंद कराव्या लागल्या. पेट्रोल एकच, पण त्यातला कोणता घटक, यावर सगळं अवलंबून.

आता गोष्टीचा दुसरा अर्धा भाग. इथे सगळं उलटं होतं.

ड्रायक्लीनिंगच्या दुकानात गेलात की जो गोडसर, डोक्यात जाणारा वास येतो तो बऱ्याचदा परक्लोरोएथिलीनचा. त्याचा धाकटा भाऊ ट्रायक्लोरोएथिलीन, लाडानं टीसीई. यंत्रांच्या सुट्या भागांवरचं ग्रीस उतरवायला गेलं जवळजवळ शतकभर जगभर वापरला. विमानतळ, लष्करी तळ, चामड्याचे कारखाने, चिप बनवणारे, सगळीकडे. काम झालं की ओता मागच्या अंगणात. उडून जाईल, असा समज. काही उडालं. बाकीचं खाली गेलं, कारण टीसीई पाण्यापेक्षा जवळपास दीडपट जड आहे. पेट्रोल भूजलावर तरंगतं. हे पाण्यातून खाली बुडतं आणि चिकणमातीच्या किंवा खडकाच्या थरावर जाऊन बसतं, आणि तिथून वर्षानुवर्षं पाझरतं.

अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात टीसीईची मर्यादा लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम आहे. मी बसून हिशोब केला: एक लिटर टीसीई, म्हणजे दुधाच्या पिशवीएवढं, सुमारे २९ कोटी लिटर पाणी या मर्यादेला नेऊन ठेवतं.

मे १९७९ मध्ये, म्हणजे बेमिजीच्या तीन महिने आधी, मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावच्या दोन सार्वजनिक विहिरी बंद झाल्या. पाण्यात टीसीई सापडलं होतं. त्या भागात मुलांमध्ये ल्युकेमियाचं प्रमाण विलक्षण जास्त होतं, आणि आईबाप कित्येक वर्षं सांगत होते की पाण्यात काहीतरी आहे. त्या खटल्यावर पुढे पुस्तक आलं, १९९८ मध्ये जॉन ट्रॅव्होल्टाचा सिनेमाही आला. तो बघितला असेल तर न्यायालय आठवत असेल. जमिनीखालचे जंतू त्यात नाहीत.

तर प्रश्न: टीसीईला जंतू खातात का? ऑक्सिजनवाले म्हणतात, आम्हाला नको. कारण समजून घ्यायला सोपं आहे. पेट्रोल म्हणजे इलेक्ट्रॉननं भरलेलं अन्न. परक्लोरोएथिलीनमध्ये मात्र हायड्रोजनच्या सगळ्या जागा क्लोरीननं बळकावलेल्या. ते आधीच 'जळून' बसलेलं आहे. राखेला कोण खाणार?

१९८५ मध्ये ओक्लाहोमातल्या एडा गावी, पर्यावरण खात्याच्या प्रयोगशाळेत जॉन विल्सन आणि बार्बरा विल्सन यांनी एक युक्ती केली. मातीच्या नळकांड्यात हवेबरोबर ०.६ टक्के नैसर्गिक वायू सोडला. मातीतले मिथेनखाऊ, तेच सोंगेनचे जंतू, फोफावले. आणि मिथेन खाता खाता त्यांचं एन्झाइम चुकून टीसीईलाही ऑक्सिजन चिकटवायला लागलं! जंतूला त्यातून काहीच मिळत नाही. उलट त्यातून जे तयार होतं ते त्यालाच विषारी. लाच खायला बसलेल्या कारकुनाच्या हातून चुकून एखादं खरं काम व्हावं, तसं. पण काम होत होतं, आणि स्टॅनफर्डच्या मंडळींनी कॅलिफोर्नियातल्या मॉफेट फील्ड या तळावर जमिनीखाली मिथेन सोडून हे प्रत्यक्ष करून दाखवलं.

त्या मंडळींत एक होते पेरी मॅकार्टी. हा माणूस मूळचा गोबर गॅसवालाच म्हणा ना; सांडपाण्याच्या गाळापासून मिथेन कसा करायचा यावर १९६४ मध्ये त्यांनी लिहिलेली लेखमाला अभियंत्यांची पिढी वाचत आली. त्यांना बंद टाकीच्या बाजूनं विचार करायची सवय. १९८५ मध्ये टिमोथी व्होगेल आणि मॅकार्टी यांनी छापलं की हवेशिवाय परक्लोरोएथिलीनमधले क्लोरीन एकामागून एक गळतात, आणि प्रत्येकाच्या जागी हायड्रोजन येतो. चारचे तीन, तीनचे दोन, दोनचा एक.

आणि इथे सगळ्यांच्या पोटात गोळा आला. कारण एक क्लोरीन उरला की जे बनतं त्याचं नाव व्हिनाइल क्लोराइड. पीव्हीसी पाइपचा कच्चा माल. १९७४ मध्ये केंटकीतल्या लुईव्हिल इथल्या पीव्हीसी कारखान्यातल्या कामगारांमध्ये यकृताचा एक अतिशय दुर्मीळ कर्करोग आढळला होता आणि जगभर खळबळ उडाली होती. पाण्यातली त्याची मर्यादा टीसीईहून कडक, लिटरमागे २ मायक्रोग्रॅम. म्हणजे जंतूंनी वाईट घेऊन जास्त वाईट परत दिलं.

म्हणून मी सुरुवातीला म्हणालो की अर्धं खरं महाग पडतं. 'जंतू तोडतात' हे वाक्य इथे शंभर टक्के खरं होतं. टीसीईची पातळी रिपोर्टमध्ये खाली येत होती. आणि फक्त टीसीई मोजणारा माणूस खूश होऊन घरी जात होता.

१९८९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात डेव्हिड फ्रीडमन आणि जेम्स गॉसेट यांनी बंद बाटल्यांत मिथेनॉल खाऊ घालून वाढवलेल्या गाळात शेवटचा क्लोरीनही निघताना पाहिला. उरलं एथिलीन. एथिलीन म्हणजे तोच वायू जो केळी स्वतःहून सोडतात आणि पिकतात. निरुपद्रवी. पण हे करतंय कोण? सगळ्यांना वाटलं मिथेन बनवणारेच. मग १९९१ मध्ये त्यांनी परक्लोरोएथिलीनचा डोस इतका वाढवला की मिथेन बनणं बंद पडलं. क्लोरीन निघणं मात्र चालूच. म्हणजे चोर दुसराच!

त्याला पकडायला आणखी सहा वर्षं लागली. इथाका शहराच्या सांडपाणी केंद्रातला गाळ हा मूळ माल. झेवियर मायमो-गाटेल, स्टीफन झिंडर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये तो शुद्ध रूपात वेगळा केला. चपटा, अर्ध्या मायक्रोमीटरचा बारका जीव, आणि कमालीचा नखरेल. अन्न म्हणून फक्त हायड्रोजन. श्वास म्हणून फक्त क्लोरीनवाले रेणू. आपण ऑक्सिजन श्वसतो तसा हा टीसीई श्वसतो. 'राखेला कोण खाणार' या प्रश्नाचं उत्तर इथे आहे: खात नाही, श्वसतो. ऑक्सिजन लागला की मरतो. जीवनसत्त्व बी-१२ लागतं, पण स्वतः बनवता येत नाही, शेजाऱ्यांकडून घेतो. त्याचं कुळनाम डिहॅलोकॉकॉइडिस. २०१३ मध्ये या जातीला मॅकार्टींचं नाव दिलं गेलं: डिहॅलोकॉकॉइडिस मॅकार्टियाय.

सगळ्या जमिनीत हा असतोच असं नाही, हे कळलं डेलावेअरमधल्या डोव्हर हवाई तळावर. तिथे भूजलात लॅक्टेट सोडून जंतूंना खायला घातलं. २६९ दिवस. टीसीईचे तीन क्लोरीन दोनवर आले आणि गाडी तिथेच अडकली. मग फ्लोरिडातल्या लार्गो इथल्या दूषित जागेवरून वाढवलेलं विरजण आणून सोडलं. विरजणच म्हणतो, दुसरा शब्द सुचत नाही. पुढे सुमारे ९० दिवस काहीच नाही. मग व्हिनाइल क्लोराइड दिसलं, एथिलीन दिसलं, आणि ५०९ व्या दिवसापर्यंत सगळं एथिलीन झालं होतं. २००३ मध्ये मिशिगनमधून या कुळातला असा एक प्रकार सापडला जो व्हिनाइल क्लोराइडवरच वाढतो. आज अशी विरजणं विकत मिळतात, आणि त्यांना खाऊ म्हणून जमिनीत सोयाबीनचं तेल किंवा साखर कारखान्यातली मळी सोडतात, म्हणजे दुसरे जंतू ती आंबवून हायड्रोजन तयार करतात.

आणि व्हिनाइल क्लोराइड जर वाहत वाहत हवा असलेल्या पाण्यात पोचलं, तर तिथले ऑक्सिजनवाले ते आनंदानं खातात. क्लोरीन एकच उरलेला, इलेक्ट्रॉन भरपूर. चार क्लोरीन असताना हवा निरुपयोगी, एक असताना हवा उत्तम. काही ठिकाणी मुद्दाम आधी बिनहवेचा आणि मग हवेचा पट्टा तयार करतात तो यासाठीच.

आता ताई, तुमच्या विहिरीबद्दल. तुमचं पेट्रोल आहे, टीसीई नाही, हे त्यातल्या त्यात बरं. जंतू ते खातायत, यात मला शंका नाही. पण टाकी अजून गळत असेल तर वाढणारा वाढतच राहील आणि पंगत कधीच उठणार नाही, म्हणून आधी टाकी आणि तिच्या पाइपची तपासणी. त्यासाठी लेखी तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे द्या, तोंडी नको. पाणी तपासायला देताना नुसतं 'पेट्रोल आहे का' विचारू नका. बेंझिन, टोल्युइन, एथिलबेंझिन, झायलिन हे चार वेगवेगळे आकडे मागा, जमलं तर एमटीबीई पाचवा. नमुना काचेच्या बाटलीत, काठोकाठ, वर हवेचा बुडबुडा न ठेवता, नाहीतर जे मोजायचं तेच उडून जाईल. आणि तीन-चार महिन्यांनी पुन्हा, कारण एका आकड्यावरून काही उतरतंय की चढतंय हे कळत नाही.

तोपर्यंत ते पाणी पिऊ नका. उकळूनही नाही. उकळल्यावर बेंझिन पातेल्यातून निघून स्वयंपाकघराच्या हवेत येतं. तुमच्या मेसेजमध्ये मागे कुकरची शिट्टी ऐकू आली, म्हणून हे आवर्जून सांगतोय. रिपोर्ट आला की पाठवा, आकडे आपण बसून वाचू.